काळी मारबत म्हणजे बांकाबाई? पण १८८१ साली तर त्या हयातच नव्हत्या!

पोळ्याचा दुसरा दिवस. नागपुरात तान्हा पोळा असतो. पोरं लाकडी बैल घेऊन घरोघरी फिरतात आणि तिकडे जुन्या नागपुरात पाय ठेवायला जागा नसते. कारण त्या दिवशी मारबत निघते. एक काळी, एक पिवळी. नेहरू पुतळ्याजवळ दोघी समोरासमोर येतात, ती गळाभेट बघायला लोक गच्च्यांवर चढून बसतात. मागे बडगे असतात. कुणी महागाईचा बडग्या करतं, कुणी भ्रष्टाचाराचा, कुणी रस्त्यावरच्या खड्ड्यांचा. पिवळी मारबत लोकांचं रक्षण करणारी, तर काळी म्हणजे वाईटाचं रूप. इडापिडा, रोगराई सगळं तिच्यासोबत शहराबाहेर न्यायचं आणि जाळून टाकायचं.

दरवर्षी याच दिवशी मोबाईलवर एक माहितीही फिरते. काळी मारबत म्हणजे भोसले घराण्यातल्या बांकाबाई. त्यांनी १८८१ साली इंग्रजांशी हातमिळवणी केली, म्हणून लोकांनी निषेध म्हणून त्यांचा पुतळा जाळायला सुरुवात केली.

वाचायला गोष्ट एकदम फिट्ट बसते. फक्त एक अडचण आहे. बांकाबाई वारल्या १८५८ साली. म्हणजे १८८१ मध्ये इंग्रजांशी हात मिळवायला त्या या जगातच नव्हत्या. त्यांना जाऊन २३ वर्षं झाली होती. आणि १८८१ साली नागपुरात इंग्रजांना मिळण्यासारखं काही उरलंही नव्हतं, कारण राज्य जाऊनच २७ वर्षं झाली होती.

मग हा फितुरीचा ठपका आला कुठून? खरंच काही घडलं होतं की नुसतीच आवई? यासाठी व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या नागपुरात जायला लागतं. त्या काळात हे शहर अवघ्या २३-२४ वर्षांत मुळापासून बदललं, आणि त्या बदलाचा हिशेब लोकांनी कुणाच्या नावावर मांडला, तेही कळतं.

आधी बांकाबाई कोण, ते बघू

नागपूरचे दुसरे रघुजी भोसले. १८०३ च्या युद्धात इंग्रजांकडून हरले, देवगावच्या तहात कटक गेलं, वऱ्हाड गेलं. पण उरलेलं राज्य त्यांनी राखलं आणि तैनाती फौजेच्या तहावर शेवटपर्यंत सही केली नाही. बांकाबाई या त्यांच्या राणी. काही कागदांत त्यांचं नाव बाकाबाई असंही येतं.

१८१६ च्या मार्चमध्ये रघुजी वारले आणि गादीवर आला त्यांचा मुलगा परसोजी. तो आजारी आणि दुबळा होता, कारभार सांभाळणं त्याला शक्य नव्हतं. म्हणजे गादीवर परसोजी, पण कारभार कुणाच्या हातात? इथून भांडण सुरू झालं. एका बाजूला बांकाबाईंचा गट, दुसऱ्या बाजूला रघुजींचे पुतणे आप्पासाहेब.

बांकाबाईंवर होणाऱ्या आरोपाचा माग काढला तर तीन साल हाती लागतात. १८१८, १८५४ आणि १८५७. एकेक करून बघू.

पहिलं साल : १८१८

आप्पासाहेब भांडणात जिंकले. कसे? तर इंग्रजांच्या मदतीने. २७ मे १८१६ ला त्यांनी इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. म्हणजे जी सही रघुजींनी आयुष्यभर टाळली, ती त्यांच्या पुतण्याने दोन महिन्यांत करून टाकली. पुढे फेब्रुवारी १८१७ मध्ये परसोजी मेलेला सापडला. त्याचा खून झाला होता आणि संशय आप्पासाहेबांवर होता.

पण तेच आप्पासाहेब वर्ष संपायच्या आत इंग्रजांवर उलटले. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली. आज नागपूरकर ज्या किल्ल्याकडे बघत बर्डीवर खरेदी करतात, तीच ती टेकडी. भोसल्यांचं सैन्य जास्त होतं, तरी लढाई इंग्रजांनी जिंकली. आप्पासाहेबांना पदच्युत केलं गेलं, ते निसटले, रानोमाळ फिरले आणि १८४० मध्ये जोधपूरला वारले.

इंग्रजांनी मग १८१८ च्या जूनमध्ये गादीवर एक लहान मुलगा बसवला. तो दुसऱ्या रघुजींच्या मुलीचा मुलगा. हेच तिसरे रघुजी. मुलगा अज्ञान म्हणून त्याच्या वतीने कारभार बघायला नेमलं बांकाबाईंना. पण खरी सत्ता होती रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्सच्या हातात.

ठपक्याचं मूळ इथं आहे. आप्पासाहेब इंग्रजांशी लढले म्हणून लोकांच्या लेखी नायक ठरले. त्यांच्या विरोधातली बाई इंग्रजांच्या मर्जीने वाड्यात राहिली म्हणून ती फितूर ठरली. पण ज्या तहाने इंग्रजांची फौज नागपुरात आली, तो तह बांकाबाईंनी केलेला नव्हता. तो केला होता आप्पासाहेबांनी. ही गोष्ट मोबाईलवरच्या माहितीत सापडत नाही.

दुसरं साल : १८५४

११ डिसेंबर १८५३. तिसरे रघुजी वारले. पोटी मुलगा नव्हता आणि त्यांनी दत्तकही घेतलं नव्हतं.

गव्हर्नर जनरल होता लॉर्ड डलहौसी. शाळेच्या पुस्तकात दत्तक वारस नामंजूर म्हणून जो धडा असतो, तो याचाच. सातारा १८४८ मध्ये गेलं होतं, झाशीवरही तीच वेळ येत होती. नागपूर या सगळ्यांत मोठं होतं. सुमारे ८० हजार चौरस मैलांचं राज्य. आजचं नागपूर, भंडारा, चांदा, शिवाय सगळं छत्तीसगड त्यात येत होतं.

डलहौसीचा मुद्दा साधा होता. १८१८ मध्ये हे राज्य आम्ही जिंकलं होतं. तिसऱ्या रघुजींना आम्हीच ते बक्षीस म्हणून दिलं. आता त्यांना औरस वारस नाही, तर राज्य परत आमचं. राजाच्या माघारी राणीने दत्तक घ्यायचा म्हटलं तर तो मालमत्तेपुरता चालेल, राज्यासाठी नाही. आणि त्याच्या टिपणीत कापसाचाही विषय होता. वऱ्हाड निजामाकडून नुकतंच इंग्रजांच्या ताब्यात आलं होतं. त्याला लागून नागपूर मिळालं तर इंग्लंडच्या गिरण्यांना कापसाचा मोठा मुलूख मिळणार होता.

हे सगळ्या इंग्रजांना पटलं होतं असंही नाही. डलहौसीच्याच कौन्सिलमधल्या कर्नल जॉन लो यांनी विरोध नोंदवला. पण बहुमत डलहौसीचं होतं. मार्च १८५४ मध्ये नागपूर खालसा झाल्याचा जाहीरनामा निघाला. गोळी न झाडता, फक्त कागदावर राज्य गेलं.

आता बांकाबाईंनी काय केलं?

वय सत्तरीच्या पुढे. तरी भोसल्यांच्या वाड्यात सगळ्यांत वडीलधाऱ्या त्याच होत्या. त्या आणि तिसऱ्या रघुजींच्या राण्या हे मानायला तयार नव्हत्या. त्यांनी नात्यातल्या यशवंतराव अहेररावाला दत्तक घेतलं, त्याचं नाव जानोजी ठेवलं. अर्जांवर अर्ज केले. कलकत्त्याला माणसं पाठवली, लंडनपर्यंत वकील पाठवले. खालसाचा हुकूम मागे घ्या, एवढीच मागणी होती. कंपनी सरकारने ती ऐकली नाही.

झाशीच्या राणीनेही आधी हाच मार्ग धरला होता. अर्ज, वकील, पुन्हा अर्ज. म्हणजे १८५४ सालाच्या पानावर बांकाबाई आणि लक्ष्मीबाई एकाच बाजूला उभ्या दिसतात.

राजवाड्यातला लिलाव

राज्य गेल्यावर विषय आला मालमत्तेचा. सरकारने ठरवलं की वाड्यातला जडजवाहीर, जनावरं, सामान विकायचं. त्यातून येणारा पैसा भोसले कुटुंबासाठीच ठेवू, असं सरकारचं म्हणणं होतं. पण वाड्याला ते कसं दिसलं असेल? डोळ्यांदेखत घर लुटलं जावं, तसंच.

भोसल्यांचे हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला लिलावात उभे केले गेले आणि मातीमोल भावाने गेले. काल ज्या हत्तीवरून दसऱ्याचं सीमोल्लंघन व्हायचं, त्यावर आज बोली लागत होती. आणि हे सगळं गावाच्या समोर.

त्यानंतर वाड्यातलं सामान हलवायची वेळ आली. तेव्हा बांकाबाईंनी निरोप पाठवला की सामानाला हात लावाल तर मी वाडा पेटवून देईन. ही नोंद इंग्रज इतिहासकार जॉन के यांच्या १८५७ वरच्या ग्रंथात आहे. तरी सामान हललं. दागिने कलकत्त्याच्या बाजारात विकायला गेले. के यांनी स्पष्टच म्हटलंय की राज्य घेतल्यापेक्षाही या लिलावाने लोकांची मनं जास्त दुखावली.

बांकाबाईंनी वाडा पेटवला नाही. पण पुढे १८६४ मध्ये तो आगीत जळालाच. काळ्या दगडाचा, लाकडी कोरीव कामाचा तो राजवाडा गेला आणि नगारखान्याचा भाग तेवढा उरला. राज्याची निशाणी म्हणून महालात आता वाडा नव्हता, फक्त त्याचं दार होतं.

तिसरं साल : १८५७

खरा पेच इथं आहे आणि तो टाळून चालणार नाही.

राज्य गेल्यावर भोसल्यांची जुनी फौज मोडली. इंग्रजांनी त्या जागी नवी अनियमित फौज उभी केली. तिचे घोडेस्वार टाकळीच्या छावणीत होते. मेरठहून बातम्या आल्या तशी या घोडेस्वारांत चुळबूळ सुरू झाली. बेत ठरला १३ जून १८५७ च्या रात्रीचा. शहरातून पेटते फुगे आकाशात सोडायचे, ती खूण. खूण दिसली की उठाव.

पण घोडेस्वारांना मद्रासच्या पायदळाची साथ हवी होती. तिकडे निरोप घेऊन गेलेला माणूस पकडला गेला आणि बेत फुटला. रेसिडेन्सीवरच्या इंग्रज बायकापोरांना सीताबर्डीच्या किल्ल्यात हलवलं होतं. काही दिवसांत घोडेस्वारांची हत्यारं काढून घेतली गेली, पुढाऱ्यांवर खटले चालले आणि काहींना फाशी झाली.

या सगळ्यात भोसल्यांचा वाडा काय करतोय, याकडे दोन्ही बाजूंचं लक्ष होतं. वाड्यातून नुसता इशारा आला असता तरी गावोगावचे जुने शिलेदार, पाटील, जमीनदार हलले असते. बांकाबाईंनी उलट निरोप दिला. आपल्या माणसांनी यात पडायचं नाही, इंग्रजांच्या विरोधात जायचं नाही.

हा निर्णय त्यांचाच होता आणि तो उठावाच्या विरोधात गेला. टाकळीच्या घोडेस्वारांच्या बाजूने बघितलं तर तो दगाच होता. यावर पांघरूण घालायची गरज नाही.

पण वाड्याच्या बाजूनेही एकदा बघायला हवं. १८१७ मध्ये सीताबर्डीला काय झालं, ते बांकाबाईंनी पाहिलं होतं. सैन्य जास्त असूनही राज्य गेलं होतं. आता तर सैन्यच नव्हतं. दत्तक घेतलेला जानोजी तरुण होता, सगळं कुटुंब सरकारी पेन्शनवर होतं आणि इंग्रजांच्या तोफा शहरावर रोखलेल्या होत्या. चाळीस वर्षांपूर्वीच्या सीताबर्डीचा अनुभव असलेली पंचाहत्तरीच्या आसपासची बाई पुन्हा तोच जुगार खेळली नाही.

१८५८ मध्ये बांकाबाई वारल्या. त्याच वर्षी कंपनीचं राज्य संपून कारभार थेट व्हिक्टोरिया राणीच्या नावाने सुरू झाला. वाडा शांत राहिला याची सरकारने आठवण ठेवली. जानोजींचा दत्तक मान्य झाला आणि १८६१ मध्ये त्यांना देऊरचे राजाबहादूर असा किताब मिळाला. देऊर हे सातारा जिल्ह्यातलं भोसल्यांचं गाव. म्हणजे नागपूरच्या गादीच्या वारसाला किताब मिळाला, पण त्यातून नागपूर वगळलं गेलं.

दरबार गेला, मग शहराचं काय झालं?

राज्य जाणं म्हणजे फक्त राजाचं जाणं नसतं. दरबार हे नागपूरचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक होतं. सैनिक, कारकून, हत्ती-घोड्यांची बडदास्त ठेवणारे, सोनार, अत्तरवाले, पुजारी, गवई, हे सगळे दरबारावर जगत. नागपूर, उमरेड, भंडारा, पवनीकडच्या कोष्ट्यांचं बारीक सुताचं, जरीकाठी कापड दरबारी लोक नेसत. सणाला, लग्नाला, मानपानाला तेच लागायचं. दरबार बंद झाला आणि ही मागणीच आटली.

दुसरीकडे नवीन कारभाराचा सपाटा सुरू झाला. २ नोव्हेंबर १८६१ ला नागपूर आणि सागर-नर्मदा प्रदेश एकत्र करून मध्य प्रांत तयार झाला आणि नागपूर त्याची राजधानी झाली. पुढे बराच काळ रिचर्ड टेंपल इथले चीफ कमिशनर होते. हा माणूस घोड्यावर बसून सगळा प्रांत पालथा घालायचा आणि फायलींचा ढीग उपसायचा.

त्याच काळात १८६३ ला मध्यवर्ती संग्रहालय सुरू झालं. तेच आजचं अजब बंगला. १८६४ ला नागपूर नगरपालिका आली. १८६५ च्या डिसेंबरमध्ये नागपुरात शेतमाल, कारागिरी आणि यंत्रांचं मोठं प्रदर्शन भरलं. स्टीफन हिस्लॉप नावाचे स्कॉटिश मिशनरी १८४० च्या दशकापासूनच इथं शाळा चालवत होते. ते दगड, जीवाश्म गोळा करायचे, गोंड आणि इतर आदिवासींच्या भाषांच्या नोंदी करायचे. १८६३ च्या सप्टेंबरमध्ये टाकळघाटहून परतताना नाल्याच्या पुरात ते वाहून गेले. त्यांची टिपणं टेंपल यांनी १८६६ मध्ये संपादून छापली. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं.

खेड्यांत बदल याहून खोल होता. भोसल्यांच्या काळात सारा गोळा करून द्यायचा ठेका पाटलांकडे किंवा मालगुजारांकडे असायचा. ती एक जबाबदारी होती, गावाची मालकी नव्हती. इंग्रजांनी १८६० च्या दशकात जमाबंदी करताना याच मालगुजारांना गावाचे मालक ठरवलं. एका कागदाने कुणी जमीनदार झाला आणि शेजारचा कूळ झाला. विदर्भात आजही मालगुजारी तलाव, मालगुजारांचा वाडा हे शब्द ऐकू येतात, ते याच व्यवस्थेचे अवशेष.

आणि या सगळ्यात सामान्य नागपूरकराला विचारणारं कुणी नव्हतं. नगरपालिका होती, पण तिची सूत्रं सरकारी अधिकारी आणि सरकारने निवडलेल्या प्रतिष्ठितांच्या हातात होती. कोष्ट्याला मत नव्हतं, कुळाला मत नव्हतं.

कापूस, आगगाडी आणि गिरणी

डलहौसीच्या मनातला कापूस लवकरच खरा ठरला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि तिथून इंग्लंडला जाणारा कापूस बंद झाला. लँकेशायरच्या गिरण्यांना माल हवा होता. हिंगणघाट, वर्धा, वऱ्हाड इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ ला युद्ध संपलं आणि भाव धाडकन पडले. जगाच्या बाजारात काही घडलं की विदर्भातला कापूसवाला हलतो, हा खेळ तेव्हापासूनचा.

१८६७ ला मुंबईहून येणारी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. आगगाडी इथून कापूस घेऊन जायची आणि येताना विलायती कापड घेऊन यायची. आधी दरबारचं गिऱ्हाईक गेलं होतं, आता बाजारही हातचा जाऊ लागला. कोष्ट्याच्या मागावर दुहेरी घाव बसला.

मग आले जमशेदजी टाटा. कापूस पिकतो तिथेच गिरणी का नको, हा त्यांचा विचार. रेल्वेजवळची दलदलीची जागा त्यांनी घेतली आणि भर घालून त्यावर गिरणी बांधली. १ जानेवारी १८७७ ला ती सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी म्हणून दिल्लीत जाहीर करण्यात आलं. म्हणून गिरणीचं नाव एम्प्रेस मिल.

ज्यांचे माग थांबले होते अशी कितीतरी विणकर माणसं पुढे याच गिरणीच्या भोंग्यावर उठू लागली. गिरणीही आता राहिली नाही. तिच्या जागेवर एम्प्रेस सिटी मॉल उभा आहे. नाव मात्र अजून त्याच राणीचं.

हिशेब मांडून बघा. १८५३ च्या डिसेंबरमध्ये राजा गेला आणि १८७७ च्या जानेवारीत गिरणी सुरू झाली. मध्ये फक्त २३ वर्षं. वीस वर्षांच्या पोराने दरबारातली नोकरी गमावली असेल, तर त्रेचाळिशीत त्याचा मुलगा गिरणीत जाताना त्याने बघितला असेल.

मग राग कुठे गेला?

आता परत मारबतीकडे येऊ. काळ्या मारबतीची सुरुवात १८८१ ची आणि पिवळीची १८८५ ची सांगितली जाते. पोळ्यानंतर रोगराई गावाबाहेर घालवायची चाल विदर्भातल्या खेड्यांत आहेच. नागपुरात तिला मिरवणुकीचं रूप आलं, ते नेमकं या बदलानंतर. पिवळी मारबत तऱ्हाणे तेली समाजाची. इतवारी, जगनाथ बुधवारी हे तेली, कोष्टी, कारागिरांचे जुने मोहल्ले. म्हणजे ज्यांनी दरबार जाताना आणि विलायती माल येताना बघितला, त्याच वस्त्यांमधून मारबत निघते.

ज्यांना मत नाही, ते सोंग काढून बोलतात. हे फक्त नागपुरात घडलं असं नाही. खुद्द व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात, वेल्समध्ये, १८३९ ते १८४३ या काळात असंच घडलं. रस्त्यांवरच्या टोलनाक्यांनी शेतकरी पिचले होते. तेव्हा पुरुषांनी बायकांचे कपडे घातले, तोंडाला काळं फासलं, म्होरक्याला रिबेका हे नाव दिलं आणि रात्री नाके फोडले. सरकारला अखेर टोलचे कायदे बदलावे लागले. तिथेही राग एका बाईच्या नावाने बाहेर आला. फरक इतकाच की वेल्सची रिबेका लोकांच्या बाजूने होती आणि नागपूरच्या बाईवर लोकांनी खापर फोडलं.

का? विचार केला तर कारण अवघड नाही. डलहौसी कलकत्त्याला बसलेला होता, त्याचं तोंड नागपूरकराने बघितलं नव्हतं. इंग्रज राज्यात इंग्रज साहेबाचा पुतळा जाळणं म्हणजे संकट ओढवून घेणं. दत्तक वारसाचा नियम, अमेरिकेतलं युद्ध, मँचेस्टरचा भाव यांचे पुतळे करता येत नाहीत. पण वाड्यातली एक बाई सगळ्यांना ठाऊक होती. ती वारली होती, उत्तर द्यायला येणार नव्हती. शिवाय १८५७ ला ती गप्प राहिली होती, हेही खरंच होतं. त्यामुळे गोष्ट चिकटली.

तर मग फितूर की नाही?

१८८१ चा आरोप खोटा, त्यात वाद नाही. १८१८ चा आरोप अर्धा, कारण इंग्रजांची फौज आणली आप्पासाहेबांनी आणि बांकाबाई राहिल्या त्या फौजेच्या छायेत. १८५७ चा आरोप खरा, त्यांनी उठावाला साथ दिली नाही. पण या सगळ्यामध्ये १८५४ हे साल आहे. नागपूर हातचं जात होतं तेव्हा अर्ज, वकील, धमकी, जे जे हातात होतं ते वापरून ते वाचवायला उभी राहिली ती हीच म्हातारी बाई. आणि नेमकं तेच साल लोकांच्या आठवणीतून गळालं.

मारबत थांबवावी असा याचा अर्थ नाही. ती नागपूरची ओळख आहे आणि दरवर्षी बडग्यांमधून राज्यकर्त्यांना चार शब्द ऐकवायची ती हक्काची जागा आहे. काळ्या मारबतीसोबत रोगराई जाळा, महागाई जाळा. फक्त पुढच्या तान्ह्या पोळ्याला ती १८८१ वाली माहिती मोबाईलवर आली की पुढे पाठवायच्या आधी एवढं आठवा : त्या बाईंच्या वाड्यातलं सामान डोळ्यांदेखत विकलं गेलं होतं, आणि ते विकणाऱ्याचा पुतळा नागपुरात कधीच जळला नाही.